टीप नको, दर बोला

चतुर्थी तोंडावर आलीय आणि आपल्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर दरवर्षीचा वाद परत पेटलाय. घरी कामाला येणाऱ्याला ठरलेल्या पैशांवर वर काही द्यायचं की नाही?

एक गट म्हणतो, 'या लोकांना आता चटक लागली. काम झालं की दारात उभे राहतात. चहापाण्याचं काय, म्हणून विचारतात.' दुसरा गट म्हणतो, 'अरे, गरीब माणूस आहे, पन्नास-शंभर दिले तर आपलं काय जातं? सणाचे दिवस आहेत.' मग एखादा मुंबईकर चाकरमानी लिहितो, 'आम्ही तर पाचशे देतो.' त्यावर गावातले लोक चिडतात, 'तुम्हीच दर बिघडवून ठेवलेत.' दोनशे मेसेज होतात. शेवटी कोणीतरी गुड नाईटचा फोटो टाकतो आणि विषय संपतो.

मी दोन्ही गटांचं वाचलं. माझं मत दोघांनाही आवडणार नाही, तरी लिहितो.

टीप किती, हा प्रश्न नंतरचा. आधी सांगा, तुम्ही दर ठरवला होता काय?

आपल्या भागात काम कसं ठरतं ते सगळ्यांना माहीत आहे. नारळ काढायला पाडेलीला बोलावतो. तो येतो, माडांकडे वर बघतो, कोयता लावतो आणि चढतो. पंधरा माड होतात. खाली उतरून घाम पुसतो. आपण विचारतो, "कितके झाले रे?" तो म्हणतो, "तुमका काय वाटात ता देवा."

शिरोडा-आरवली-रेडी पट्ट्यातला मजुरीचा सगळा गोंधळ या एका वाक्यात आहे. ऐकायला किती गोड वाटतं. जुनी माणसं, घरोबा, विश्वास. प्रत्यक्षात काय होतं? आपण मनातल्या मनात गेल्या वर्षीचा आकडा आठवतो, त्यात थोडे घालतो आणि नोटा पुढे करतो. तो मोजत नाही, खिशात घालतो आणि जरा वेळ तिथेच घुटमळतो. आपल्याला वाटतं, हा वर काहीतरी मागतोय. त्याला वाटतं, माझे पैसेच कमी दिलेत. म्हणजे एकाच पन्नास रुपयांच्या नोटेला एक माणूस बक्षीस म्हणतो आणि दुसरा थकबाकी म्हणतो. या भांडणाला 'टीप' हे नाव देऊन आपण मोकळे होतो.

आता दुसरा प्रकार बघा. इथे दर ठरतो, पण घासाघीस करून. समजा रंगारी म्हणाला, दिवसाची हजरी 900. आपण म्हणालो, "मेल्या, 800 घे, घरचंच काम आहे." तो 800 वर आला. आठ दिवस काम चाललं. शेवटच्या दिवशी आपण खूश होऊन 200 रुपये वर दिले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि संध्याकाळी नाक्यावर सांगितलं, 'रंगाऱ्याला दोनशे टीप दिली.' हिशेब करा. आठ दिवसांचे 800 रुपये आपण कापले आणि त्यातले 200 परत केले. वर 600 रुपये वाचवून उदारपणाची शाबासकीही घेतली! शिवाय ते 200 त्याने मान खाली घालून, "बरा" म्हणत घेतले. तेच पैसे हजरीत मिळाले असते तर मान खाली घालायची त्याला गरज नव्हती.

म्हणून मी टीपेच्या विरोधात आहे. द्यायला पैसे जातात म्हणून नाही. कापलेल्या दरावर ती पांघरूण घालते म्हणून.

कोणी म्हणेल, एवढं काय, ही आपली जुनी रीत आहे. होय, जुनी आहे. ती कुठून आली तेही बघूया. गावगाड्यात सुतार, लोहार, न्हावी, परीट यांना कामाचे पैसे मिळत नसत. पीक आलं की खळ्यावरून धान्याचा वाटा मिळे, त्याला बलुतं म्हणत. कागदावर तो हक्क होता. पण तो हक्क घ्यायला खळ्यावर जाऊन उभं राहावं लागे, आणि पदरात किती पडणार हे देणाऱ्याच्या मर्जीवर असे. जातीच्या उतरंडीत जो जितका खाली, त्याला तितकं जास्त वाकावं लागे. दया पवारांनी 1978 साली आपल्या आत्मकथेला 'बलुतं' हे नाव दिलं ते उगाच नाही. आज खळं गेलं, धान्य गेलं. देणाऱ्याची मर्जी आणि घेणाऱ्याचं घुटमळणं मात्र आपण तसंच ठेवलं.

आणि मर्जी सगळ्यांवर सारखी बसत नाही. टीप कोणाला मिळते बघा. पाडेली, वायरमन, रंगारी, फ्रिजवाला. म्हणजे पुरुष, ज्यांच्या हाताला कसब आहे आणि ज्यांनी पाठ फिरवली तर आपलं काम अडतं. घरात भांडी-धुणी करायला येणाऱ्या बाईला टीप मिळते? तिला जुनी साडी मिळते, उरलेली आमटी मिळते, आणि सणाला एखादी नोट मिळाली तर तिची चर्चा वर्षभर. चिरे उचलणाऱ्या बाईला गड्यापेक्षा कमी हजरी देताना आपल्याला काही वाटत नाही. सारख्या कामाला स्त्री-पुरुषांना सारखी मजुरी, असा कायदा या देशात 1976 साली झाला. पन्नास वर्षं होत आली. आपल्या अंगणात तो अजून पोचायचाय.

पुण्यातल्या मोलकरणींनी 1980 साली काम बंद ठेवून संप केला होता. त्यातून त्यांची संघटना उभी राहिली आणि पगारवाढ, भरपगारी सुट्टी, दिवाळीला बोनस या गोष्टी मागण्या म्हणून पुढे आल्या. बोनस म्हणजे ठरलेली रक्कम, दरवर्षी, हक्काने. पोस्त म्हणजे मालकिणीच्या मनात आलं तर. त्या बायकांना हा फरक नीट कळला होता. आपल्या ग्रुपवर वाद घालणाऱ्या शिकलेल्या लोकांना तो अजून कळत नाही, याचं मला नवल वाटतं.

त्यात कानडी गवंडी, उत्तरेतले रंगारी, बागेत राबणारे नेपाळी गडी. यांना तर "तुमका काय वाटात ता देवा" एवढं बोलण्याइतकाही घरोबा नसतो. त्यांची हजरी ठेकेदार ठरवतो, पैसे ठेकेदार घेतो, आणि आपण त्यांना चहा दिला म्हणजे जबाबदारी संपली असं समजतो.

आता गॅसकडे या, कारण सगळ्यात जास्त बोंब तिथे आहे. सिलिंडर घेऊन येणारा मुलगा बिलावर वीस-तीस रुपये जास्त घेतो, ही तक्रार घराघरात आहे. नियम सरळ आहे. बिलावर छापलेल्या रकमेत घरपोच पोचवण्याचा खर्च धरलेला असतो. त्याच्यापेक्षा जास्त मागता येत नाही. उलट सिलिंडर तुमच्यासमोर वजन करून देणं आणि गळती तपासून देणं हा त्याच पैशातला तुमचा हक्क आहे. 14.2 किलो गॅस आणि सिलिंडरवर लिहिलेलं रिकाम्या टाकीचं वजन, बेरीज करून काट्यावर बघा. किती जण बघतात? वीस रुपये वर देऊन आपण पावती मागत नाही, काटा मागत नाही आणि मग ग्रुपवर त्या मुलाला शिव्या घालतो.

पण त्या मुलाकडेही बघा. पावसात चिखलाच्या पाणंदीतून खांद्यावर सिलिंडर आणणारा हा मुलगा ते वीस रुपये बहुतेक वेळा माजाने घेत नाही. त्याचा पगार ठरवणाऱ्याला ठाऊक असतं की वरची कमाई होते. म्हणून पगार कमी ठेवला तरी चालतो. म्हणजे तुमची टीप दिसते मुलाच्या खिशात, पण तिचा खरा फायदा एजन्सीच्या मालकाला होतो.

हा खेळ जगभर चालतो. अमेरिकेत हॉटेलातल्या वेटरला मालकाने स्वतःच्या खिशातून तासाला 2.13 डॉलर दिले तरी तिथल्या केंद्रीय कायद्याला चालतं. बाकीच्यांचं किमान वेतन 7.25 डॉलर. मधला खड्डा गिऱ्हाइकाच्या टीपेने भरायचा, नाहीच भरला तर मग मालकाने. हा 2.13 चा आकडा 1991 पासून हललेला नाही. तीस-पस्तीस वर्षांत सगळं महागलं, तेवढी ही मजुरी गोठून राहिली, कारण टीप आहेच की! आपल्या गावातली कितीतरी मुलं गोव्यात हॉटेलात कामाला जातात. त्यांना विचारा, पगाराची बोलणी करताना मॅनेजर पहिलं वाक्य काय बोलतो. 'वरची टीप मिळेल ना.'

आपल्या देशातही मोबाईल ॲपवाले यात मागे नाहीत. उबरने गाडी यायच्या आधीच टीप मागायला सुरुवात केली, तेव्हा मे 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तिला नोटीस पाठवली. ग्राहक व्यवहार मंत्र्यांनी जाहीर सांगितलं की टीप ही सेवा मिळाल्यावर खुशीने द्यायची गोष्ट आहे, आधी मागायची नव्हे. मला त्यात एवढंच जोडायचंय की ड्रायव्हरला भाडंच पुरेसं मिळालं असतं तर हे बटण लावायची वेळच आली नसती.

सरकारी आणि वीज कंपनीच्या माणसांबद्दल वेगळं बोललं पाहिजे, कारण तिथे टीप हा शब्दच चुकीचा आहे. मीटर बसवायला, जोडणी द्यायला, दाखला काढायला आलेल्या लोकसेवकाने पैसे मागितले तर ती लाच. 1988 चा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा 2018 साली दुरुस्त झाला आणि तेव्हापासून लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तक्रार करायची, मग संरक्षण आहे. लाचलुचपत विभागाचा फोन 1064. 'चहापाणी' म्हटल्याने लाचेचं सरबत होत नाही.

मग कृतज्ञता दाखवायचीच नाही काय, असं लगेच कोणी विचारेल. दाखवा की! मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा आपल्या किनारपट्टीवर विजेचे खांब काड्यांसारखे मोडून पडले होते. बाहेरून आलेले वायरमन चिखलात उभे राहून दिवसरात्र तारा ओढत होते. लोकांनी त्यांना घरात बोलावून भात-आमटी वाढली, अंघोळीला गरम पाणी दिलं. त्याला कोणी टीप म्हटलं नाही. तिथे कोणाचा दर कापलेला नव्हता, कोणाचं काम अडवलेलं नव्हतं. माणसाने माणसाला जेवू घातलं. असं हजारदा करा.

पण बाटली देऊ नका. हे मुद्दाम लिहितो, कारण आपण गोव्याच्या हद्दीला चिकटून आहोत आणि संध्याकाळी गड्याच्या हातात क्वार्टर ठेवणं याला आपल्याकडे मोठं मन म्हणतात. पन्नास-शंभर रुपये निदान घरी पोचायची शक्यता असते. क्वार्टर पोचत नाही. आणि ती दुसऱ्या दिवशी सकाळी माडावर चढणाऱ्या माणसाच्या अंगात उतरते.

माडाचा विषय निघालाच आहे तर ज्यासाठी ही पोस्ट लिहायला बसलो ते सांगतो. 'माडावरून पडून मृत्यू' ही बातमी मी पत्रकारितेत इतक्या वेळा लिहिलीय की तिचा साचा पाठ झालाय. वय, गाव, किती वाजता, कोणाच्या बागेत, उपचारापूर्वीच मृत घोषित, पश्चात पत्नी, मुलं, आई. एका कॉलमात बसते. नंतर गावात वर्गणी निघते. बागेचा मालक बिचारा काहीतरी देतो, शेजारी देतात, मुंबई मंडळ देतं. ही सगळी त्या माणसाला मिळालेली शेवटची टीप. तीही ज्याच्या त्याच्या मर्जीनुसार.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा हप्ता किती आहे? वीस रुपये. 18 ते 70 वयाच्या, बँकेत किंवा पोस्टात बचत खातं असलेल्या कोणालाही ती घेता येते. अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर दोन लाख, अंशतः अपंगत्वाला एक लाख. वीस रुपये! जेवढे आपण गॅसवाल्याच्या हातावर ठेवतो तेवढेच, आणि वर्षातून एकदाच. त्याशिवाय नारळ विकास मंडळाची खास माडावर चढणाऱ्यांसाठी 'केरा सुरक्षा' विमा योजना आहे. तिच्या हप्त्याचा मोठा वाटा मंडळ स्वतः भरतं. याच मंडळाने 2011 पासून यंत्राच्या साहाय्याने माडावर चढायचं प्रशिक्षणही सुरू केलं.

आपल्या बागेत येणाऱ्या पाडेलीला आपण कधी विचारलंय, "तुझो विमो आसा काय रे?" मी हा प्रश्न बऱ्याच बागायतदारांना विचारला. उत्तर ठरलेलं, 'तो त्याचा प्रश्न आहे.' बरं. मग त्याला वर पन्नास रुपये देताना तो तुमच्या घरचा माणूस कसा होतो?

गवंडी, सुतार, रंगारी, प्लंबर यांचंही तसंच. बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी झाली तर मुलांच्या शिक्षणाला, आजारपणाला, अपघाताला मदत मिळते. त्यासाठी गेल्या वर्षभरात 90 दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं. ज्याने तुमच्या घराला दोन महिने चिरे लावले, तो सहीसाठी आला की आपण घाबरतो, 'उगाच कागदावर सही नको.' शंभराची नोट चटकन निघते, पण खरं काम झाल्याची खरी सही निघत नाही.

थोडं कामगार मित्रांनाही बोलतो, कारण ही पोस्ट ते वाचतात हे मला माहीत आहे. "तुमका काय वाटात ता देवा" हे बोलणं बंद करा. तुम्हाला बोलायला संकोच वाटतो, मोठ्या घराशी संबंध बिघडतील असं वाटतं, ते खरं आहे. पण आकडा न बोलल्याने तुमचं नुकसान होतं आणि नंतर घुटमळल्याने तुमचीच बदनामी होते. माडामागे किती, नारळ किती, जेवण धरून की सोडून, हे चढायच्या आधी बोला. वर दोन नारळ घ्यायची रीत असेल तर ते दोन नारळ दरातच मोजा, उपकारात नको. चतुर्थीच्या आधीच्या पंधरवड्यात दर जास्त घेणार असाल तर तेही सरळ सांगा. मागणी वाढली की भाव वाढतो. माशाच्या बाजारात आपण हे निमूट ऐकतोच ना? आणि एकदा बोललेला दर काम झाल्यावर वाढवू नका. तोही अप्रामाणिकपणाच.

घरमालकांमध्ये बरेच निवृत्त शिक्षक आहेत, एकटी राहणारी म्हातारी माणसं आहेत. त्यांची बाजू मला दिसते. सगळ्यांना वाढीव दर परवडत नाही. मग तसं सांगा. "माझ्याकडे एवढेच आहेत, यात पाच माड काढ, बाकीचे पुढच्या खेपेला." यात कमीपणा काही नाही. सगळे पंधरा माड काढून घेऊन नंतर कमी पैसे पुढे करणं, त्यात कमीपणा आहे.

आणि चाकरमान्यांनो, तुमचे पाचशे मनापासून असतात, यात शंका नाही. पण ते वर्षातून चार दिवस. तुमच्या बंद घराची कौलं चाळणारा, विहीर उपसणारा, वाडीतलं गवत मारणारा माणूस वर्षभर फोन करून पैशाची आठवण करून देत असतो. पाचशेची टीप राहू द्या, मागचं बिल आधी चुकतं करा. उधारीवर टीप देणारी माणसं मी फक्त आपल्याकडेच बघितली.

आरवलीच्या वेतोबाला आपण नवस बोलतो. केळीचा घड, नाहीतर चपलांचा जोड. बोलताना आपण आकडा सांगतो, वस्तू सांगतो, आणि काम झालं की न चुकता नेऊन देतो. 'काम झाल्यावर बघू, काय वाटेल ते देऊ' असं वेतोबाला सांगायची हिंमत आहे कोणाची? देवाशी जेवढा चोख व्यवहार करतो, तेवढाच माडावर चढणाऱ्या माणसाशी करा. वेतोबा पडत नाही. हा पडू शकतो.

1930 साली याच शिरोड्यात मिठाचा सत्याग्रह झाला. त्या लोकांनी साहेबाकडे मीठ स्वस्त करा म्हणून हात पसरले नव्हते. मीठ आमचं आहे, म्हणून ते उचललं होतं. हक्क आणि मेहरबानी यातला फरक कळायला या गावाला परक्याची शिकवणी लागू नये.

तर माझं म्हणणं पाच ओळीत :

1. काम सुरू होण्याआधी दर बोला. दोघांनीही. जमलं तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. आमच्या घरी तसंच लिहितो, वाद होत नाही.
2. पैसे त्याच दिवशी, पूर्ण द्या. बाई असो की पुरुष, गावचा असो की बाहेरचा, सारख्या कामाला सारखे.
3. कंपनीच्या माणसाला बिलाएवढेच द्या, पावती घ्या, वजन बघा. त्याचा पगार कमी असेल तर एजन्सीच्या मालकाला जाब विचारा.
4. लोकसेवकाला काही नाही. जेवण, पाणी, आपुलकी सगळ्यांना.
5. हे सगळं करून हात मोकळा असेल, तर त्याच्या विम्याचे वीस रुपये भरा आणि फॉर्म भरायला सोबत बँकेत जा.

एवढं केल्यावरही वर काही द्यावंसं वाटलं तर खुशाल द्या. तेव्हा ते खरंच बक्षीस असेल, आणि घेणारा ते मान वर करून घेईल.

कमेंटमध्ये मला शिव्या घालण्याआधी एक काम करा. आपापल्या वाडीत सध्या माडामागे, हजरीला, कौलं चाळायला काय दर चालू आहे तो लिहा. मालकांनीही लिहा, कामगारांनीही लिहा. कुणाचं नाव नको, फक्त आकडा. सगळे आकडे एकत्र करून चतुर्थीच्या आधी याच पेजवर टाकतो. निदान यंदा तरी कोणी "काय वाटात ता देवा" म्हणून घुटमळायला नको.